धनुष्य एकदा, पाती पाच वेळा

आजचा विषय धनुष्यबाणाचा आहे. निवडणूक चिन्हाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर निम्मे वाचक इथेच पान उलटतील. हुमणी, ठिबक आणि पीकविमा सोडून हा कृषी विस्तार अधिकारी धनुष्याच्या मागे कुठे लागला, असेही कुणी विचारील. त्याचे कारण असे.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी सोयाबीनच्या उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक होते. गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, नेहमीचेच काम. जागा म्हणून जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा मिळाला होता. पाणी प्यायला गुरुजींच्या खोलीत गेलो, तर भिंतीवर खिळ्यांना चार धनुष्ये टांगलेली. त्यांच्यावर धूळ बसली होती. एकाचे वरचे पाते उभे चिरलेले, दुसऱ्याचे पिळवटलेले. उरलेली दोन धडधाकट दिसत होती, पण तीही खिळ्यालाच.

ही धनुष्ये २०२३ सालच्या दिवाळीनंतर आलेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या सातारा जिल्ह्याची आदिती स्वामी बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि गावोगावी पालकांना वाटू लागले की आपल्याही पोरीने बाण मारावा. चांगलेच वाटले, त्यात वावगे काही नाही. गावाने लोकवर्गणी काढली, पन्नास-पंचावन्न हजार गोळा झाले, चार धनुष्ये बाणांसह आली, फोटो निघाले. दोन वर्षांत खेळ बंद.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणाले, “साहेब, धनुष्यं तशी चांगली हायेत, पाती गेली. अन् नुसत्या पात्यांच्या जोडीला सात-आठ हजार मागतोय दुकानदार. त्यापरीस नवंच घेऊ म्हनलं, तर आता वर्गणी कोन देनार?”

धनुष्य म्हणजे काय आणि त्यात पैसा कुठे जातो, हे वर्गणी देणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नव्हते. आज तेवढेच सांगायचे आहे.

जुने धनुष्य अखंड असे. बांबू नाहीतर लाकूड वाकवले, दोरी चढवली, झाले. आता शाळेत आणि स्पर्धेत जे चालते ते सुटे होणारे असते, त्याला टेकडाऊन म्हणतात. त्याचे तीन भाग. मधली मूठ लाकडाची नाहीतर ॲल्युमिनियमची, आणि वरखाली एकेक पाते. खेळाडू मंडळी पात्याला ‘लिंब’ म्हणतात. आपल्याकडे लिंब म्हटले की झाडच डोळ्यापुढे येते, म्हणून मी पातेच म्हणतो. पाते म्हणजे मेपल लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्ट्या मध्ये घालून दोन्ही अंगांनी फायबरग्लास चिकटवलेले एक थरांचे पान. महागड्या पात्यात कार्बनचे थर असतात. बाणाला जोर देते ते हे पाते. मूठ नुसती धरायची.

लोखंडी नांगर आठवा. नांगर वडिलांनी घेतला, फाळ मात्र आपण किती बदलले? इथेही तसेच आहे. मूठ दहा-पंधरा वर्षे सहज जाते, पाती बदलत राहावी लागतात. फरक एवढाच की फाळ झिजला म्हणून बदलतो. पाती शाबूत असली तरी बदलावी लागतात, कारण मूल वाढते.

प्रत्येक पात्यावर ओढ लिहिलेली असते, पौंडात. २४ लिहिले असेल तर ती ओढ दोरी २८ इंचापर्यंत खेचल्यावर मिळते. सातवीतली पोर २८ इंच खेचत नाही, तिचा हात २४ इंचांवर संपतो, आणि इंचामागे साधारण दीड-दोन पौंड ओढ कमी होते. म्हणजे २४ पौंडाची पाती तिच्या हातात १६ ते १८ पौंडाचीच ठरतात. दुकानात हे कुणी सांगत नाही. कुणी मोठ्या उत्साहाने जास्त ओढीची पाती घेतो, मुलाचे खांदे दुखतात, नेम वेडावाकडा होतो, मूल कंटाळून खेळ सोडते. हलकी घेतली तर सहा-आठ महिन्यांत ती पुरेनाशी होतात. त्या शाळेतली दोन धडधाकट धनुष्ये यामुळेच खिळ्याला होती. मोडली नव्हती, पोरे मोठी झाली होती.

बारा वर्षांचे मूल १४-१६ पौंडांवर सुरू करते. मग २०, २४, २८, ३२ असे चढत सतराव्या-अठराव्या वर्षी ३६ च्या पुढे जाते. ऑलिंपिकच्या प्रकारात मोठ्यांना ७० मीटरवर बाण मारायचा असतो आणि पुरुष खेळाडू ४५-५० पौंडांची ओढ वापरतात. चाळीस पौंड म्हणजे आपले साधारण १८ किलो. पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे, म्हणजे एका सकाळी तेरा क्विंटलच्या आसपास वजन तीन बोटांनी ओढायचे. हमाली कमी आणि नेम जास्त असे लोकांना वाटते, ते खरे नाही. पाच-सहा वर्षांत मुलाला पात्यांच्या पाच जोड्या लागतात, त्या यासाठी.

आता किमतीकडे येऊ. शिकाऊ मुलांची लाकूड-फायबरची जोडी सहा ते दहा हजारांच्या घरात जाते. मधल्या प्रतीची पंधरा ते तीस हजार. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे म्हटले की कार्बनची जोडी साठ हजारांच्या पुढे. आपल्या मापाने मोजा. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. शिकाऊ जोडी आठ हजारांची धरली तर दीड क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभावाने विकले गेले तर. बाजारात काय मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको. कार्बनची जोडी म्हणजे अकरा-बारा क्विंटल, एकरी आठचा उतार धरला तर दीड एकराचे सगळे पीक. खर्च वजा न करता.

एवढे महाग का, तर चांगली पाती बहुतेक बाहेरून येतात. कोरिया, अमेरिका, चीन. २०१८ च्या अर्थसंकल्पात क्रीडासाहित्यावरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झाले आणि शुल्कावर १० टक्के अधिभार त्याच वर्षी आला. त्या दराने हिशेब मांडा. शंभर रुपयांचा माल बंदरात उतरताच १२२ रुपयांचा होतो. त्यावर १२ टक्के जीएसटी धरला की १३६ रुपये ६४ पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडासाहित्याचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे तोच माल १२८ रुपये १० पैशांना बसतो. शेकडा साडेआठ रुपयांची सवलत झाली. दुकानदाराने ती दिली का, हे बिलावर बघा. जुन्या दराने बिल फाडणारे असतात, विचारल्यावर “जुना स्टॉक आहे” म्हणतात. राष्ट्रीय संघटनांना आणि नावाजलेल्या खेळाडूंना आयात शुल्कात सूट मिळण्याची सोय आहे. आपली शाळा दुकानातून घेते, तिच्यापर्यंत ती सूट पोचत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ आहेत, आपल्याला काय करायचेत? तर फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव बघा. घरी मजुरी. तो याच सुट्या होणाऱ्या, पुढे वळलेल्या पात्यांच्या धनुष्याने टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळून आला. २०१९ ला जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या त्रिकुटात तो होता. त्याला गावातल्या शाळेपासून क्रीडा प्रबोधिनी आणि पुढे सैन्यदल अशी वाट सापडली. प्रश्न ज्यांना ती वाट सापडत नाही त्यांचा आहे. प्रबोधिनीच्या निवडीपर्यंत पोचायलाच दोन-तीन वर्षे सराव लागतो, आणि तेवढ्यात पात्यांच्या दोन जोड्या बदलाव्या लागतात. गळती नेमकी तिथे होते. (आदितीचे धनुष्य कंपाउंड प्रकारचे, त्याला चाके असतात. त्याचा खर्च याहूनही मोठा, तो आज बाजूला ठेवतो.)

आता मुद्द्याचे. गावांनी धनुष्ये विकत घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. मुठी थोड्या घ्याव्यात आणि पैसा पात्यांत घालावा, तोही सामाईक. अवजारे बँक आपल्याला नवी नाही. रोटाव्हेटर वर्षातून चार दिवस लागतो म्हणून तो प्रत्येकाने घ्यायचा नसतो, हे आपल्याला पटले आहे. पाती तर त्याहून सोयीची. एका मुलाला लहान झालेली जोडी दुसऱ्याला बरोबर मापाची असते.

साधा हिशेब करू. बारा मुले, प्रत्येकाला पाच टप्पे. ज्याने त्याने घ्यायची म्हटले तर साठ जोड्या, आठ हजारांच्या दराने चार लाख ऐंशी हजार. कुणीच घेणार नाही. पण पाच टप्प्यांच्या प्रत्येकी दोन-दोन जोड्या शाळेत असल्या तर दहा जोड्यांत, ऐंशी हजारांत काम होते, कारण बाराही मुले एका वेळी एकाच टप्प्यावर कधीच नसतात. शेजारच्या दोन-तीन शाळा एकत्र आल्या तर वाटा आणखी कमी. त्यात एक अडचण आहे, ती शेवटी सांगतो.

यात एक गोष्ट सांभाळली नाही तर सगळे पैसे पाण्यात. जोडणी. ट्रॅक्टरचे तीन-बिंदू जोडणीचे उदाहरण घ्या. कुठल्याही कंपनीचा नांगर कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो, कारण माप ठरलेले आहे. धनुष्यातही असे एक ठरलेले माप आहे, त्याला आयएलएफ म्हणतात. या मापाची मूठ घेतली की बहुतेक कंपन्यांची त्या मापाची पाती तिच्यावर नुसती सरकवून बसतात, आणि बोल्ट आत-बाहेर करून पाच-दहा टक्के ओढ कमी-जास्तही करता येते. स्वस्तातल्या लाकडी धनुष्यांची पाती मात्र बोल्टने आवळायची असतात आणि ती ज्या त्या बनावटीचीच लागतात. उद्या ती बनावट बंद झाली की मूठ चुलीत. पहिल्या दिवशी दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण मूठ आयएलएफ मापाचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका शाळेने एक माप आणि दुसऱ्या शाळेने दुसरे घेतले तर सामाईक काही राहत नाही. एका मोठ्या कंपनीचे स्वतःचे वेगळे मापही बाजारात आहे, ते उत्तम असेल, पण गावाने त्या वाटेला जाऊ नये.

लांबीचेही बघून घ्या. २५ इंची मुठीवर आखूड पाती बसवली तर धनुष्य ६६ इंचांचे, मध्यम बसवली तर ६८, लांब बसवली तर ७०. लहान मुलांना आखूडच द्या. प्रत्यक्ष ओढ किती मिळते हे मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. दोरीला ताणकाट्याचा आकडा अडकवा, मुलाच्या मापाइतके खेचा, किलो वाचा, २.२ ने गुणा, पौंड मिळतात. मी त्या शाळेत कापूस तोलायच्या ताणकाट्यावरच मोजले.

चिरलेल्या त्या पात्याची गोष्ट सांगायची राहिली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फोटोसाठी धनुष्य हातात घेतले, बाण न लावता दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडून दिली. टाळ्या पडल्या, पाठोपाठ फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. बाण असला की पात्यातली ताकद बाणाबरोबर निघून जाते. बाण नसला की ती पात्यातच परत मुरते आणि थर सुटतात. सात-आठ हजार रुपये एका फोटोला गेले. पाहुण्यांचे नाव सांगत नाही, सांगून पाती परत येणार नाहीत. बारक्या, अगदी हलक्या काडीचा बाण लावला तरी थोडाफार हाच परिणाम होतो, हे पोरांना बजावून सांगा.

दुसरे पाते पिळवटले ते दोरी चढवण्याने. आपल्याकडे धनुष्य पायात अडकवून गुडघ्यावर वाकवतात, त्याने पात्याला पीळ पडतो. दोन टोकांना चामड्याच्या टोप्या शिवलेला एक नायलॉनचा दोर पुरतो. त्या टोप्या पात्यांच्या टोकांना घालायच्या, दोर पायाखाली धरायचा आणि मूठ वर उचलायची, दोन्ही पाती सारखी वाकतात. गावचा चांभार तो अर्ध्या तासात करून देईल. आणि ऊन. थर चिकटवलेले असतात, उन्हाने डिंक नरम पडतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दोरी चढवलेले धनुष्य ठेवणे म्हणजे बियाणाची पिशवी उन्हात ठेवण्यासारखे. सराव झाला की दोरी उतरवायची, पाती सोडवून कापडी पिशवीत आडवी ठेवायची. कोपऱ्यात टेकून उभी करायची नाहीत.

जुनी जोडी कुणी स्वस्तात देत असेल तर जरूर घ्या, पण आधी कापसाचा बोळा पात्याच्या दोन्ही कडांवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे, मग फुकट दिली तरी घेऊ नका. मग धनुष्य जोडून मागून बघा, दोरी पात्याच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे.

आता बांबूबद्दल दोन शब्द, कारण हा विषय निघाला की सभेत कुणीतरी म्हणतोच, “आपल्या बांधावरच्या बांबूचंच करू की.” पूर्ण चूक नाही. देशात ‘इंडियन राउंड’ हा प्रकार राष्ट्रीय पातळीवर खेळला जातो. त्यात बांबू-लाकडाचे साधे धनुष्य चालते आणि अंतर ३० आणि ५० मीटर असते. सुरुवात तिथून करावी, खर्च फार कमी येतो. पण त्यासाठी भरीव बांबू हवा. आपल्याकडचा मानवेल किंवा कोकणातला माणगा. पोकळ कटांगाच्या नादी लागू नये. तोड पक्व बांबूची, तीन वर्षांपुढची. भुंगा लागून भुसा पडू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवायचा आणि सावलीत सुकवायचा. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडण्या-नेण्याची पूर्वीची कटकट गेली.

मात्र सुट्या धनुष्याची थरांची पाती ही वेगळी गोष्ट. तिथे पट्टीची जाडी मिलिमीटरच्या अंशात सारखी लागते आणि वरखालच्या पात्यांची ताकद जुळावी लागते. ते सुताराच्या नेटावर होणारे काम नाही, साचा, भट्टी आणि मोजमाप लागते. कोरियाचे खेळाडू एके काळी अमेरिकेच्या धनुष्यांनी खेळत. १९९३ मध्ये तिथल्या एका माजी प्रशिक्षकाने स्वतःची कंपनी काढली, आज तिची पाती जगभर खपतात आणि पॅरिसला २०२४ मध्ये तिरंदाजीची पाचही सुवर्णपदके कोरियाने नेली. पदके काही नुसत्या पात्यांनी आली नाहीत. पण तिथल्या शाळेतल्या पोराला पाते हवे असले तर ते देशात मिळते, बंदरावर अडकत नाही. आपल्याकडे चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. टोपल्या आणि शोभेच्या वस्तूंबरोबर थरांच्या पात्यांचा विषय तिथे कुणी हातात घेतला तर बांबूला भाव देणारे आणखी एक गिऱ्हाईक तयार होईल, असे मला वाटते.

राहिला ग्रामपंचायतीचा भाग. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, सवय व्हायला वेळ लागेल) मला विचारले की हा खर्च कोणत्या सदरात टाकायचा. मुली खेळणार असतील तर स्वनिधीतल्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून होईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा, तोंडी नको. ठराव लिहिताना ‘धनुष्यबाण खरेदी’ असे मोघम लिहू नका. मुठी किती, पाती किती जोड्या, कोणत्या ओढीची, जोडणी कोणती, हे ठरावात आणि दरपत्रकात यायला हवे. मोघम लिहिले की दुकानदार त्याला परवडते ते देतो. आणि पाती साठानोंदवहीत जोडीवार चढवा, मुठीबरोबर एकत्र नको, म्हणजे कोणती जोडी कुणाकडे आहे ते कळेल.

त्या गावात परवा पुन्हा गेलो होतो. सोयाबीनचे शंभरापैकी चौऱ्याहत्तर दाणे उगवले होते, ते एक बरे झाले. धनुष्याच्या बाबतीत समितीने दोन आयएलएफ मुठी आणि पात्यांच्या तीन जोड्या घ्यायचे ठरवले आहे, १६, २० आणि २४ ची. आठवीतल्या एका मुलीचे माप घेतले, २५ इंच भरले. तिला दिवाळीपर्यंत २८ ची पाती लागतील असे दिसते. तशी जोडी चार किलोमीटरवरच्या शाळेच्या कपाटात पडून आहे, तिथला मुलगा अकरावीला शहरात गेला. मगाशी म्हणालो ती अडचण हीच: एका शाळेच्या साठानोंदवहीतली वस्तू दुसऱ्या शाळेला द्यायची तर सही कुणी करायची, यावर दोन मुख्याध्यापकांचे अजून एकमत झालेले नाही. केंद्रप्रमुखांकडे अर्ज गेला आहे.